‘बाहेरचं’ म्हणजे नेमकं कुठलं?

समजा, पुणे जिल्ह्यातल्या सारोळ्यातली एक बाई दवाखान्यात आली आहे. चाळिशीच्या अलीकडची. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तपासण्यांची फाइल. डॉक्टर विचारतात, काय होतंय? ती सांगते, “डोक्यातनं वाफा निघतात. हातापायाला मुंग्या येतात. छातीत धडधडतं. अंगात त्राण म्हणून नाही.” डॉक्टर फाइल चाळतात. रक्तदाब ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक, ईसीजी ठीक. “काही झालेलं नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका,” असं म्हणून ते गोळ्या लिहून देतात. पिशवी मांडीवरून खाली उतरायच्या आत बाई उठलेली असते. पायऱ्या उतरताना सोबतची सासू हळूच म्हणते, “मी म्हणलं होतं ना, बाहेरचं आहे म्हणून.”

ही बाई मी कल्पनेनं उभी केली आहे. तिचे शब्द मात्र कल्पनेतले नाहीत. नीरा नदीच्या या काठाला ते रोज कुठल्या ना कुठल्या ओसरीवर बोलले जातात. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, पोरानं धसका घेतलाय, सुनेला लागिर झालंय, कुणीतरी करणी केलीय. आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यांना पोटात घेणारा एक शब्द: ‘बाहेरचं’.

हा शब्द कानावर पडला की बहुतेक डॉक्टर मान हलवून पुढे जातात. पण वैद्यकात एक अशी जमात आहे, जी हाच शब्द ऐकून पेन खाली ठेवते आणि खुर्ची पुढे ओढते. ही माणसं मनोविकारतज्ज्ञ असतात, विद्यापीठात शिकवतात, वॉर्डात राउंड घेतात, आणि उरलेलं आयुष्य एकाच प्रश्नामागे घालवतात: माणूस ज्या भाषेत, ज्या गावात, ज्या देवांच्या सावलीत वाढला, त्याचा त्याच्या मनाच्या दुखण्याशी काय संबंध? त्यांच्या कामाच्या वाटा कुठून कुठे जातात ते मी वाचत गेलो आणि थक्क होत गेलो, कारण त्यांतल्या कितीतरी आपल्याच मुंबई-पुण्यातून, गोव्यातून आणि थेट भोरमधून गेल्या आहेत.

सुरुवात एका अमेरिकी माणसापासून करतो. मिचेल वाइस. पुढे हे मनोविकारतज्ज्ञ आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे प्राध्यापक झाले. पण त्याआधी, १९७७ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली ती संस्कृत वैद्यकग्रंथांतल्या ‘उन्माद’ या विषयावर. वेडाचा अभ्यास करायला निघालेला तरुण चरकसंहितेपाशी जाऊन बसला, हेच मला विलक्षण वाटतं.

चरकानं उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोष एकत्र बिघडल्याचा, आणि पाचवा ‘आगंतु’. आगंतु म्हणजे येऊन चिकटलेला, पाहुण्यासारखा दारातून आत शिरलेला. देव, गंधर्व, यक्ष, पिशाच्च यांच्याशी जोडलेला उन्माद तो हाच. आता सारोळ्याच्या त्या सासूचं वाक्य पुन्हा ऐका. ‘बाहेरचं’. दोन हजार वर्षांच्या वैद्यकातला पारिभाषिक शब्द आणि दवाखान्याच्या पायरीवरचा शब्द अर्थानं एकाच जागी उभे आहेत. आणि त्याहून मोठी गंमत अशी की खुद्द चरक त्या बाहेरच्याला सगळा दोष देत नाही. जो स्वतःच्या कर्मानं आधी क्लेशात पडलेला नाही, त्याला देव आणि पिशाच्च काही करत नाहीत, असं तो बजावतो. मूळ कारण प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीनं केलेली चूक. म्हणजे ‘बाहेरचं’ हा शब्द वापरतानासुद्धा आत बघायची सोय त्या परंपरेनं ठेवली होती.

वाइस पुढे मुंबईत आले ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात. मनोविकारतज्ज्ञाला तिथे काय काम, असं वाटेल. पण विचार करा. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, त्याला टोचलं तरी कळत नाही. दुखतं ते दुसरीकडे. वेगळी काढलेली ताट-वाटी दुखते, मोडलेली सोयरीक दुखते. वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांशी बोलताना त्यांच्या शेजारी कोड आणि शिबं असलेल्या रुग्णांनाही बसवलं. त्वचेचे तीन आजार, तिन्ही डोळ्यांना दिसणारे, पण प्रत्येकाचा समाजात अर्थ वेगळा, आणि म्हणून मनावरचा घावही वेगळा. या कामातून मुलाखतीची एक पद्धत तयार झाली. तिचा शोधनिबंध १९९२ साली ब्रिटनच्या मानसोपचार नियतकालिकात आला. पाश्चात्त्य प्रश्नावली घेऊन तिचं मराठी-हिंदी भाषांतर करायचं, हा तोवरचा रिवाज. इथे उलटं झालं. आधी विचारायचं की तुम्हाला काय होतं, तुम्ही त्याला काय म्हणता, ते कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यासाठी तुम्ही कुणाकुणाकडे जाऊन आलात. उत्तरं माणसाच्या शब्दांत लिहून घ्यायची. मोजमाप त्यानंतर.

हीच वाट पुढे पुण्यात रास्ता पेठेत आली. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी वाइस यांच्यासोबत एक विषय घेतला, जो ऐकायला अगदी साधा वाटतो: अशक्तपणा. ‘विकनेस’. आपल्याकडे दर दुसरा माणूस ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे जातो. त्यांनी रुग्ण निवडले ते केवळ मनोविकार विभागातून नव्हे, तर त्याच्यासह जनरल मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार ठिकाणच्या ओपीडींतून, कारण थकलेलं मन कुठल्या रांगेत उभं राहील ते सांगता येत नाही. या थकव्याला जगाच्या वैद्यकात मोठा इतिहास आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज बिअर्ड यांनी त्याला ‘न्यूरास्थेनिया’ म्हणजे मज्जातंतूंचा दुबळेपणा असं नाव दिलं. तिकडे ते नाव मागे पडलं, चीनमध्ये मात्र रुजलं. आर्थर क्लाइनमन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी चीनच्या हुनान प्रांतात या निदानाचे १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचे निकष लागू पडले. पण ‘मी उदास आहे’ असं म्हणत ते आले नव्हते. डोकं दुखतं, झोप नाही, शक्ती नाही, असं म्हणत आले होते.

ते लोक खोटं बोलत होते का? लपवत होते का? नाही, आणि मला वाटतं हीच या साऱ्या अभ्यासातली सर्वात सुंदर गोष्ट आहे. दुःख शरीरातून बोलतं ते त्या समाजानं मान्य केलेल्या व्याकरणानुसार. जिथे उदास असणं म्हणजे कामचुकारपणा, किंवा ‘हिला येरवड्याला दाखवा’ असा टोमणा, तिथे अंगातलं त्राण जाणं हाच सांगण्याजोगा मार्ग उरतो. पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ हे नुसतं उपनगराचं नाव नाही, मनोरुग्णालयाचंही आहे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता सोळा प्रश्नांच्या एका मुलाखतीकडे येतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम, जगभर वापरली जाते. तिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि तिच्यात पहिल्यांदाच रुग्णाची संस्कृती समजून घेण्यासाठी एक आखीव मुलाखत समाविष्ट झाली. १६ प्रश्नांची. ती छापण्याआधी सहा देशांत रुग्णांवर पडताळून पाहिली गेली: अमेरिका, कॅनडा, पेरू, नेदरलँड्स, केनिया आणि भारत. त्यात आपलं पुणं होतं. म्हणजे जगातला कुठलाही डॉक्टर आज ते प्रश्न विचारतो, तेव्हा त्यांच्यामागे पुण्यातल्या ओपीडीत दिलेल्या उत्तरांचाही थोडा आधार असतो.

प्रश्न असे काही अवघड नाहीत. त्यांतला एक आपल्या बोलीत आणला तर साधारण असा होईल: “मला डॉक्टर म्हणून सांगितलंत ते सांगितलंत. पण घरच्यांना, शेजारच्या बायांना तुम्ही हे कसं सांगता?” एवढाच प्रश्न. पण त्यानं दार कुठलं उघडतं बघा. डॉक्टरसमोर आपण ‘मुंग्या’ म्हणतो, कारण डॉक्टरला शरीर लागतं हे आपल्याला माहीत असतं. पाणवठ्यावर आपण दुसरं काही म्हणतो. पुढचा प्रश्न: या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त जाचतं ते काय? उत्तर धडधड असेल असं डॉक्टरला वाटतं, आणि बाई म्हणू शकते, “भाकरी थापताना हात थांबतो, आणि सगळे बघत्यात.” मग कारण. तुमच्या मते कशामुळे? आणि घरच्यांच्या मते कशामुळे? ही दोन उत्तरं वेगळी निघाली की अर्धी कथा तिथेच समजते. नवरा म्हणतो कामाची दगदग, सासू म्हणते बाहेरचं, आणि ती स्वतः म्हणते की दोन वर्षांमागं दीर गेला तेव्हापासून. आणि कुठे कुठे जाऊन आलात, हा प्रश्न कपाळाला आठी न घालता विचारायचा, म्हणजे देवऋषी, अंगारा, उतारा सगळं मोकळेपणानं बाहेर येतं.

सोळावा, शेवटचा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. त्यात डॉक्टर रुग्णाला विचारतो की आपण वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या चालीरीतींचे. माझ्याकडून तुम्हाला समजून घेण्यात चूक होईल अशी काळजी तुम्हाला वाटते का? शेकडो वर्षं वैद्य रोग्याची नाडी बघत आला. वैद्यानं स्वतःची नाडी रोग्याच्या हातात द्यावी, हे त्या प्रश्नात घडतं.

सारोळ्यातून एका अंगाला वीरच्या म्हस्कोबाकडे रस्ता जातो. दुसऱ्या अंगाला भोर, आणि भोरच्या पलीकडे आंबाडखिंड घाट चढून गेलं की मांढरदेवची काळूबाई. पौष पौर्णिमेला तिथे लाखोंनी माणूस लोटतो. २५ जानेवारी २००५ च्या यात्रेत तिथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे जीव गेले. भोर आणि वाई या दोन्ही तालुक्यांना तो दिवस विसरता येणार नाही. हलगी-संबळाच्या ठेक्यावर मोकळ्या केसांनी घुमणाऱ्या बाया तिथे आपण पाहिलेल्या असतात. वारं आलं, देवी अंगात आली. शहरातला शिकलेला माणूस लगेच म्हणतो, हा मानसिक आजार.

मानसोपचाराचं शास्त्र इतकं घाईनं तसं म्हणत नाही, हे मला कळलं तेव्हा फार नवल वाटलं. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अंगात येण्याला विकार म्हणून जागा आहे, पण अटी घालून: ते इच्छेविरुद्ध घडणारं, त्रासाचं, आणि धार्मिक किंवा समाजानं मान्य केलेल्या प्रसंगाच्या बाहेरचं असायला हवं. म्हणजे यात्रेत, देवीसमोर, ठेक्यावर वारं येऊन आरतीनंतर उतरलं, तर ग्रंथ त्याला रोग म्हणत नाही. तेच वारं मंगळवारी दुपारी घरात, नको असताना, वारंवार येऊ लागलं, की मग डॉक्टरनं लक्ष द्यायचं. रेषा मेंदूत काढलेली नाही, ती जागेवर आणि वेळेवर काढलेली आहे. आणि अंगात आल्यावर बाई काय बोलते हेही ऐकण्यासारखं असतं. एरवी ज्या घरात ती मान वर करून बोलत नाही, तिथे देवी म्हणून ती नवऱ्याला अरे-तुरे करते आणि दारू सोडायचं वचन घेते. सगळं घर हात जोडून ऐकतं.

देवळात राहून मन खरंच बरं होतं का? याचंही कुणीतरी मोजमाप घेतलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्सचे आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत पुन्हा वाइस आहेत, तामिळनाडूतल्या मुथुस्वामींच्या देवळात मुक्कामाला आलेल्या ३१ मनोरुग्णांची आल्यावर आणि जाताना तपासणी केली. देवळात झाडफूक नव्हती, खास विधी नव्हता. सकाळची पूजा, अंगण झाडणं, झाडांना पाणी घालणं, सोबत एक नातलग, सरासरी सहा आठवडे मुक्काम. लक्षणांचा गुणांक जवळजवळ २० टक्क्यांनी उतरला होता. ही घट काही औषधांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीची असल्याचं त्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. संख्या लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यातून मोठा डोलारा उभारू नये. पण आसरा मिळणं, हाताला काम असणं आणि कुणी हिडीसफिडीस न करणं याला औषधासारखं वजन असू शकतं, हे त्यातून दिसलं.

पण आसरा दर वेळी असा नसतो. त्याच तामिळनाडूत, एरवाडीत, ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही. हे दोन्ही एकाच राज्यातलं, एका वर्षाच्या अंतरानं. म्हणून साखळीबद्दल माझ्या मनात कुठलीही दुविधा नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिल्याच कलमात आहे. देवीपुढे हात जोडणाऱ्याला हा कायदा अडवत नाही.

गोव्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. मुंबईत जन्मलेले विक्रम पटेल १९९३ मध्ये झिम्बाब्वेत गेले. शोना भाषेत लोक त्यांना सांगत, ‘कुफुंगिसिसा’ झालंय. अर्थ: अती विचार. आपल्याकडे आईच म्हणते की, विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. पटेल यांच्या अभ्यासात दिसलं की हा शब्द वापरणाऱ्यांचा त्रास आणि पुस्तकातलं नैराश्य बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात. नाव परकं, दुखणं सारखं. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत गोव्यात संस्था काढली, तिचं नाव ‘संगाथ’. आपला ‘सांगाती’ त्याच घरातला. तिथे त्यांनी दाखवलं की मनोविकारतज्ज्ञ नसलेली, थोडंसं प्रशिक्षण घेतलेली गावातली माणसं नैराश्यावर समुपदेशन करू शकतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांच्या अभ्यासात, तीन महिन्यांनी, असं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. समुपदेशकाचं काम काय, तर जे करणं माणसानं सोडून दिलं आहे ते हळूहळू पुन्हा करायला लावणं. देवळातलं अंगण झाडणं मला इथे पुन्हा आठवलं.

आणि आता भोर. डॉ. मोहन आगाशे यांचा जन्म २३ जुलै १९४७ रोजी भोरला झाला. तेव्हा भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. आपण त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, ‘जैत रे जैत’मधला नाग्या म्हणून ओळखतो. पण ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे प्राध्यापक होते, ससूनमध्ये रुग्ण बघत होते. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम’चा पहिला पडदा उघडला तेव्हापासून ही दोन आयुष्यं शेजारी शेजारी चालली. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीला भूकंप झाला. त्यात वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम राहिला, याचा भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. मुलांच्या मनाला थेट भिडणारं बर्लिनचं ग्रिप्स नाटक १९८६ पासून पुण्यात रुजलं, त्यातही ते पुढे होते.

वर सांगितलेले सगळे जण लोकांच्या कथा ऐकून त्यांतून शास्त्र काढतात. आगाशे उलट दिशेनं गेले. शास्त्र घेऊन त्याची कथा करून लोकांना परत दिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’चे ते एक निर्माते. नैराश्यात बुडालेल्या तरुणाची ही गोष्ट २०१७ मध्ये देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरली. त्याआधीच्या ‘अस्तु’त त्यांनी स्वतः भूमिका केली आहे. चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, स्मृतिभ्रंश झालेले. रस्त्यात हत्ती दिसतो आणि मूल जावं तसे ते त्याच्या मागे चालत जातात, हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या झोपडीपाशी घेते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला आजाराचं नाव माहीत नाही. तिला एक म्हातारं लेकरू दिसतं, भुकेलं आणि बावरलेलं, आणि ती त्याला घास भरवते. ज्या आजाराची लक्षणं आगाशे विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवत आले, तो तिथे त्यांच्या डोळ्यांत, खांद्यांत, चालण्यात उतरलेला दिसतो.

सारोळ्याच्या दवाखान्यात मी पुन्हा एकदा जातो. तीच बाई, तीच फाइल. डॉक्टर फाइल बाजूला सारतात. “डोक्यातनं वाफा निघतात, हे मी लिहून घेतलं,” ते म्हणतात. “आता मला सांगा मावशी, शेजारच्या बाया विचारतात तेव्हा त्यांना काय सांगता तुम्ही?”

बाई सासूकडे बघते. सासू खिडकीबाहेर बघते. मग बाई मांडीवरची पिशवी उचलून खाली, खुर्चीच्या पायापाशी ठेवते.